टिकलेले गवे, पुसलेल्या गोष्टी

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत ‘प्रागैतिहासिक कलेची अनित्यता’ असा छापलाय. तो मीच दिला होता. पण गेल्या दोन महिन्यांत त्याला एक शेपूट फुटलं आणि आता शेपूट मूळ प्राण्यापेक्षा मोठं झालंय. तेव्हा आधी शेपटाची हकिगत सांगतो, मग गुहेत शिरू.

माझी नात सतरा वर्षांची आहे. एका संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, “आबा, तुम्ही आयुष्यभर जुन्या पोथ्या शोधल्यात ना? मग मला एक गोष्ट शोधून द्या.” मी म्हटलं, “किती जुनी?” ती म्हणाली, “दोन वर्षांपूर्वी वाचली होती. आता सापडत नाहीये.”

गोष्ट हॅरी पॉटरच्या जगातली होती, पण मूळ पुस्तकांतली नव्हे, एका वाचकाने लिहिलेली. याला फॅन फिक्शन म्हणतात. दुसऱ्याने निर्माण केलेली पात्रं घ्यायची आणि त्यांची न सांगितलेली गोष्ट आपण सांगायची. पैसे मिळत नाहीत, बहुधा खरं नावही लावत नाहीत. तुमच्यातले काही जण लगेच म्हणतील, आपल्याकडे महाभारताचं हेच चाललंय की हजार वर्षं! मोरोपंतांनी किती रामायणं रचली! ते खरंय, पण ते साम्य मला फार ताणायचं नाही. रामायणावर कुणाची मालकी नव्हती. इथे मूळ लेखक हयात आहे, हक्क राखलेले आहेत, आणि हा सगळा व्यवहार त्या हक्कांच्या कडेकडेने, थोडा दबकत चालतो. टिकण्या-न टिकण्याशी या दबकण्याचा संबंध आहे, म्हणून सांगितलं.

आणि एक कबुली. मीही हे केलेलं आहे. शाळेत असताना आमचं एक हस्तलिखित निघायचं. हस्तलिखित म्हणजे एकच प्रत, वर्गातल्या सुंदर अक्षराच्या मुलाने काढलेली, आणि ती हातोहात फिरायची. त्यात मी बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारची एक कथा लिहिली होती. अर्नाळकरांना विचारलं नव्हतं. ते हस्तलिखित शाळेच्या कपाटात होतं. एका मे महिन्याच्या सुट्टीत रंगकाम निघालं, कपाटं रिकामी झाली, आणि अंक रद्दीत गेले. कुणी मुद्दाम केलं नाही. आज साठ वर्षांनंतर मला त्यातलं एक वाक्यही आठवत नाही, फक्त शीर्षकाभोवती लाल शाईने काढलेली वेल आठवते.

असो. तर आम्ही शोधायला बसलो. नातीला ना कथेचं नाव आठवत होतं, ना लेखकाचं टोपणनाव. आठवत होता एक प्रसंग. त्या शाळेत फिल्च नावाचा एक खडूस रखवालदार आहे. जादूगारांच्या घरात जन्मला, पण त्याला जादू येत नाही. या कथेत तो रात्री कंदील घेऊन भिंतींवरच्या तसबिरी फडक्याने पुसतो आणि तसबिरीतली माणसं त्याला नावाने हाक मारतात. दिवसा कुणीही त्याला नावाने हाक मारत नाही. एवढंच. खरं सांगतो, ऐकून मलाही ती कथा वाचावीशी वाटली.

आमचा शोध ज्या संग्रहात चालला त्याचं नाव ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’. आज तिथे एक कोटीहून जास्त रचना आहेत. मला वाटलं, सोपं आहे, प्रसंगातले दोन-चार शब्द टाकले की कथा वर येईल. नात हसली. त्या संग्रहाचा शोध कथेच्या मजकुरात शिरतच नाही. शीर्षक, लेखक, सारांश आणि लेखकाने लावलेल्या खुणा, म्हणजे टॅग, एवढ्यातच तो बघतो. म्हणजे कथेत काय आहे हे तुम्हाला नीट आठवत असलं तरी उपयोग शून्य. लेखकाने कथेबद्दल काय सांगितलं होतं, ते आठवायला हवं. मला तर जुन्या ग्रंथालयातली कार्डांची कपाटं आठवली. कार्डावर नसलेलं पुस्तक मांडणीवर असूनही नसल्यासारखंच.

पण या टॅगांची व्यवस्था मात्र बघण्यासारखी आहे. लेखक मनाला येईल ते शब्द वापरतो. एकाच पात्राचं नाव वीस तऱ्हांनी लिहिलं जातं, एकाच भावनेला पन्नास शब्द. आणि पडद्यामागे शेकडो स्वयंसेवक बसून हे सगळे शब्द एकमेकांना जोडत असतात. ते लेखकाचा शब्द बदलत नाहीत. तो जसा आहे तसा ठेवतात, आणि आतून त्याला एका प्रमाण शब्दाशी बांधतात. तुम्ही प्रमाण शब्द शोधलात तरी लेखकाचा वेडावाकडा शब्द सापडतो. कोशकार मंडळी बसली असतील इथे, त्यांना कळेल हे किती कष्टाचं काम आहे. पगार नाही, नाव नाही. २०१९ साली विज्ञानकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कार या संपूर्ण संग्रहाला मिळाला, तेव्हा हजारो लोकांना आपण त्यात थोडे वाटेकरी आहोत असं वाटलं, ते मला समजू शकतं.

आम्ही रखवालदाराच्या नावाने शोधलं, तसबिरींच्या टॅगने शोधलं, लांबी ठरवून शोधलं, वर्ष ठरवून शोधलं. तीन आठवडे रोज रात्री जेवणानंतर तासभर. मी बऱ्याच कथा वाचल्या. काही भिकार होत्या, काही चांगल्या होत्या, आणि दोन अशा होत्या की एखाद्या चांगल्या दिवाळी अंकात शोभल्या असत्या. शेवटी ती सापडली. म्हणजे तिची जागा सापडली.

त्या संग्रहात वाचकाला आवडलेल्या कथेवर खूण ठेवता येते आणि शेजारी आपली टीप लिहिता येते. लेखकाने कथा काढून टाकली की खुणेच्या जागी एक ओळ दिसते, कथा हटवली आहे, दिलगीर आहोत, अशा अर्थाची. कथेचं नाव जातं, लेखकाचं नाव जातं. पण वाचकाची टीप राहते! एका वाचकाने आपल्या टिपेत लिहिलं होतं की फिल्च आणि तसबिरींची ही कथा आपण तिसऱ्यांदा वाचतोय आणि कंदिलाचा प्रसंग आला की वाचन थांबवावं लागतं. मूळ लेख नाहीसा झालाय आणि त्यावरची टीका शिल्लक आहे.

मी खुर्चीतून उठलोच. कारण आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना ही स्थिती चांगली ओळखीची आहे. चार्वाकांचं दर्शन आपल्याला कसं माहीत आहे? बृहस्पतीची सूत्रं म्हणतात ती ग्रंथरूपाने हाती नाहीत. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रहा’त पहिलंच प्रकरण चार्वाकांवर लिहिलं, पण ते खोडून काढण्यासाठी. जैन, बौद्ध, नैयायिक सगळ्यांनी चार्वाकाला पूर्वपक्ष म्हणून उभं केलं, चार वाक्यं त्याच्या तोंडी घातली आणि मग त्याला झोडपलं. त्या झोडपण्यातून आपण त्याचा चेहरा जुळवतो. जयराशीचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ १९२६ साली पाटणच्या एका भांडारात सापडला आणि १९४० साली छापला गेला. तो खऱ्या अर्थाने चार्वाक आहे का, यावर अजून वाद आहे. आणि तोही कुठे टिकला बघा, जैनांच्या ग्रंथभांडारात! विरोधकाने जपला.

१९४०. त्याच वर्षी, १२ सप्टेंबरला, फ्रान्समधल्या मोंतिन्याक गावाजवळ चार पोरं एका भोकातून खाली उतरली आणि त्यांना लास्को सापडलं. आता आपण गुहेत आलो.

लास्कोमधले बैल, घोडे, हरणं साधारण १७,००० वर्षांपूर्वीची. शोव्हेची गुहा १९९४ च्या डिसेंबरात सापडली, तिथली सर्वांत जुनी चित्रं सुमारे ३६,००० वर्षांपूर्वीची. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर चित्रांवर जमलेल्या चुन्याच्या थराचं वय मोजून २०२४ साली ५१,२०० वर्षांचा आकडा जाहीर झाला. म्हणजे चित्र निदान तितकं जुनं. हे आकडे ऐकले की आपल्या मनात पहिला विचार येतो की वा, काय टिकाऊ कला! मी विद्यार्थ्यांनाही वर्षानुवर्षं असंच सांगत आलो, की माणूस अमर होण्यासाठी चित्र काढू लागला. आज मला ते वाक्य परत घ्यायचंय. त्याला पुरावा काहीच नव्हता, फक्त ऐकायला बरं वाटायचं.

पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी ट्युक दोदुबेर नावाची गुहा आहे. १९१२ साली बेगुएन घराण्यातले तीन भाऊ तिथे अगदी आतपर्यंत गेले. नदी, चिखल, अरुंद बोळ, सरपटत जायची जागा, असं करत शेवटच्या दालनात पोचले. तिथे एका दगडाला टेकवलेले मातीचे दोन गवे होते. न भाजलेली माती, मंडळी! गणपतीची शाडूची मूर्ती असते तशी. आयाळीवर हाताने ओढलेल्या रेघा, अंगाला वाळताना गेलेले तडे. जवळच ओल्या जमिनीत उमटलेले टाचांचे ठसे, त्यातले काही लहान मुलांचे. सुमारे १४,००० वर्षं ही कच्ची माती तिथे उभी आहे. का? हवा बदलली नाही, पाणी चढलं नाही, आणि कुणी आलं नाही. पहिल्या दोन कारणांइतकंच तिसरं महत्त्वाचं.

मातीचे गवे करणाऱ्यांनी फक्त तिथेच केले असतील का? उघड्यावर, नदीकाठच्या मऊ मातीत, पोरांना दाखवायला म्हणून किती केले असतील? अंगावर गेरूने काय रंगवलं असेल, वाळूत काडीने काय रेघाटलं असेल, कातड्यावर, सालीवर, लाकडावर काय असेल? ते सगळं पहिल्या पावसात गेलं. आपण त्यांना ‘गुहाचित्रं काढणारे लोक’ म्हणतो ते गुहेने राखलं म्हणून. उद्या आपल्या गावातल्या फक्त बँकेच्या तिजोऱ्या उरल्या आणि कुणी म्हणालं की हे लोक तिजोरीत राहायचे, तर कसं होईल?

शोव्हेचं तसंच. सुमारे २१,५०० वर्षांपूर्वी कड्याचा भाग कोसळला आणि तोंड बंद झालं. एक अपघात. आणि जिथे तोंड उघडं झालं तिथे काय झालं ते लास्कोत दिसलं. १९४८ साली गुहा लोकांना खुली केली. पुढे दिवसाला १,२०० माणसं येऊ लागली. माणूस आत जातो म्हणजे श्वास आत नेतो, ऊब नेतो, बुटाला लागलेली माती नेतो. दिव्यांच्या उजेडात भिंतीवर हिरवं शेवाळ धरलं, मग कॅल्साइटचा पांढरा थर. १९६३ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी गुहा बंद केली. सतरा हजार वर्षं टिकलेलं पंधरा वर्षांत धोक्यात आलं, तेही ज्यांना ते फार आवडलं त्यांच्यामुळे. बंद करूनही सुटका नाही. २००१ साली आत पांढरी बुरशी पसरली, नंतर काळे डाग आले. आता लोक प्रतिकृती पाहतात. पहिली १९८३ ची, नवी २०१६ ची. प्रतिकृती बघून लोकांचे डोळे भरून येतात असं म्हणतात. मला त्यात काही खोटं वाटत नाही.

सुलावेसीतली गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी आहे. तिथे भिंतीवर क्षार साचतात, ओल-सुकं-ओल असं चक्र चालतं, आणि क्षारांचे स्फटिक फुगून रंगासकट खडकाचे पापुद्रे सुटतात. हवामान बदलतंय तसा वेग वाढतोय, असं २०२१ साली अभ्यासकांनी मांडलं. आपल्याला जगातली सर्वांत जुनी चित्रं कळू लागली नेमकी ती सोलून निघत असताना. मार्सेलीजवळच्या कॉस्केर गुहेचं तोंड समुद्राखाली ३७ मीटरवर आहे. हिमयुगात समुद्र खाली होता तेव्हा लोक पायी आत गेले. आँरी कॉस्केर या पाणबुड्याला ती १९८५ मध्ये सापडली, जगाला १९९१ मध्ये कळली. तिचा बराचसा भाग पाण्याने आधीच पुसलाय, आणि समुद्र चढतोय. तिचीही प्रतिकृती २०२२ मध्ये मार्सेलीत झाली.

आता माझ्या नातीच्या संग्रहाकडे परत येतो, कारण तिथला इतिहास नेमका उलट्या दिशेने चालतो, आणि हे मला त्या तीन आठवड्यांत कळलं.

गुहा दुर्लक्षाने टिकते. फाइल दुर्लक्षाने मरते. फाइलला वीज लागते, यंत्र लागतं, दर वर्षी कुणीतरी बिल भरावं लागतं. आणि ते यंत्र ज्याच्या मालकीचं, त्याच्या मर्जीवर सगळं. अमेरिकेत चाहत्यांनी १९६७ साली ‘स्पॉकनेलिया’ काढलं. ‘स्टार ट्रेक’ या मालिकेवरचं ते पहिलं चाहत्यांचं नियतकालिक. कागदावरचं. त्याच्या प्रती अजून सापडतात, कारण कागद कपाटात गप्प पडून राहू शकतो. (माझं हस्तलिखित राहिलं नाही, पण ते रंगाऱ्यामुळे.) मग मंडळी संगणकावर आली. १९९८ मध्ये ‘फॅनफिक्शन डॉट नेट’ सुरू झालं, तिथे लाखो कथा जमल्या. २००२ साली त्यांनी प्रौढांसाठीचा विभागच बंद केला आणि त्यातल्या कथा गेल्या. २००७ च्या मे महिन्यात ‘लाइव्हजर्नल’ने शेकडो खाती एका फटक्यात बंद केली. बंद झालेल्या खात्याचं नाव यादीत दिसायचं, पण मधून एक आडवी रेघ मारलेली. लोकांनी त्या घटनेला त्या रेघेचंच नाव दिलं. त्यात खरोखर आक्षेपार्ह किती होतं आणि कादंबऱ्यांवर चर्चा करणारे किती होते, हा तपास नंतर झाला. कंपनीला पुढे माफी मागावी लागली.

याच सुमाराला काही लेखिका म्हणाल्या, आपलं घर आपण बांधू, यंत्रं आपल्या मालकीची ठेवू. नेओमी नोविक या कादंबरीकार त्यांतल्या एक. २००७ मध्ये ना-नफा संस्था झाली, आणि १४ नोव्हेंबर २००९ रोजी संग्रह सर्वांसाठी उघडला. त्याच्या १९ दिवस आधी, २६ ऑक्टोबरला, याहूने ‘जिओसिटीज’ बंद केलं होतं. जिओसिटीजवर लोकांनी दहा-पंधरा वर्षं आपापली पानं बांधली होती, त्यात असंख्य छोटे कथासंग्रह होते. काही स्वयंसेवकांनी शेवटच्या महिन्यांत धावपळ करून मिळेल तेवढं उतरवून घेतलं. जळत्या घरातून भांडी बाहेर फेकावीत तसं. नव्या संग्रहाने पुढे मरणपंथाला लागलेले जुने संग्रह आपल्यात सामावून घ्यायचं कामही हाती घेतलं. तिथे आणखी एक सोय आहे, ती मला फार विचार करायला लावते. लेखकाला आपली कथा ‘अनाथ’ करता येते. कथा राहते, नाव गळून पडतं. म्हणजे लास्कोच्या चित्रकाराची अवस्था स्वेच्छेने पत्करायची.

हा पर्याय असूनही आमच्या लेखकाने कथा अनाथ केली नाही. काढूनच टाकली.

मध्येच एक गोष्ट सांगायची राहिली, वर्गीकरणाची. आंद्रे लर्वा-गुराँ हे फार मोठे फ्रेंच पुराविद. १९६० च्या दशकात त्यांनी साठहून अधिक गुहांतली चित्रं मोजली, कोणता प्राणी कुठे आहे त्याचे तक्ते केले, आणि सांगितलं की गुहेची मांडणी एका जोडीवर उभी आहे. घोडा पुरुषतत्त्व, गवा स्त्रीतत्त्व. रेघा आणि ठिपके एका बाजूचे, त्रिकोण आणि लंबगोल दुसऱ्या. किती देखणी मांडणी! मी ती वर्गात शिकवली आहे, सांख्यांच्या पुरुष-प्रकृतीशी जोडून शिकवली आहे, आणि मुलं खूश व्हायची. पुढच्या अभ्यासकांनी मोजून दाखवलं की ती सगळीकडे बसत नाही. बघा, लर्वा-गुराँनीही टॅगच लावले होते. फरक एवढाच की गुहेत चित्रकाराचा स्वतःचा शब्द उरलेला नाही, म्हणून आपला शब्दच प्रमाण होऊन बसतो. आमच्या शोधात लेखकाचा शब्द होता, तोही त्याने उचलून नेला.

आता भांडणाकडे येतो. नातीने त्या टीप लिहिणाऱ्या वाचकाला निरोप पाठवला. कुठल्या देशातली, किती वयाची, काही ठाऊक नाही. चार दिवसांनी उत्तर आलं. कथा माझ्याकडे उतरवून ठेवलेली आहे, पण लेखकाने ती आपल्या हाताने काढली, तेव्हा मी ती कुणाला देणार नाही.

नात रडकुंडीला आली. मी संतापलो. मी म्हटलं, ही काय नीती? पाटणच्या भांडारातल्या माणसाने असं म्हटलं असतं तर? पोथी मागणाऱ्याला नाही म्हणणारे संग्राहक मी आयुष्यभर पाहिलेत, आणि त्यांच्या मरणानंतर वाळवीने खाल्लेल्या पोथ्याही पाहिल्यात. एका वाड्यात तर मला दारातून परत पाठवलं होतं आणि दोन वर्षांनी तोच वाडा पाडला. मी नातीला सांगितलं, पुन्हा लिही, आग्रह कर.

तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “आबा, तुमची ती झुंजारची गोष्ट कुणाला सापडली तर तुम्ही छापू द्याल?”

मी गप्प बसलो. मला ती वाचायची आहे हे खरं. पण तुम्हा कुणाला ती वाचू देईन असं नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने लिहिलेली ती कथा, तिच्यात त्याचं काय काय उघडं पडलं असेल कुणास ठाऊक. मग नात म्हणाली, कदाचित त्या लेखकाला नोकरी लागली असेल, घरच्यांना टोपणनाव कळलं असेल, कुणी घाणेरडं लिहिलं असेल. काहीही असेल. जिवंत माणूस आहे.

ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात खडकांवर वांजिना नावाच्या देवतांची चित्रं आहेत, पांढरे चेहरे, मोठे डोळे, तोंड नाही. पावसाशी त्यांचा संबंध आहे. तिथले मूळ रहिवासी ती पुन्हा पुन्हा रंगवत आले, ते त्यांचं कर्तव्यच होतं. १९८७ साली त्यांच्या तरुणांनी काही चित्रं पुन्हा रंगवली, तेव्हा आरडाओरडा झाला की प्राचीन वारसा नासवला. मी त्या वेळी हे वाचलं होतं आणि मनातून आरडाओरडा करणाऱ्यांच्या बाजूचा होतो. आता नाही. ज्या चित्राला सांभाळणारे हात हयात आहेत, ते त्यांनी रंगवायचं की झिजू द्यायचं हे ठरवायला मी कोण? लास्कोच्या बाबतीत मला बोलायचा हक्क आहे, तो विचारायला कुणी उरलं नाही म्हणून. उरलं असतं आणि ते म्हणाले असते की ही चित्रं बघण्यासाठी नाहीत, तर? गुहेच्या त्या अंधाऱ्या टोकाला जाऊन काढणाऱ्याला प्रेक्षक हवेच होते असं कुणी सांगितलंय?

अर्थात या विचाराचा गैरफायदा घेणारेही आहेत, म्हणून आपल्या दाराशी येऊन बोलतो. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर जांभ्यात खोदलेली कातळशिल्पं आहेत. बारसू, उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे. कशेळीला तो प्रचंड हत्ती आहे, त्याच्या आकृतीत कितीतरी दुसरे प्राणी सामावलेले. गोव्यात कुशावतीच्या काठची उसगाळीमळची शिल्पं गावकऱ्यांनी दाखवल्यावर १९९३ साली अभ्यासकांपुढे आली. २०२२ मध्ये कोकणातली आणि गोव्यातली ही स्थळं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सड्यावर पावसाळ्यात गुडघाभर गवत, उन्हाळ्यात तवा. तिथे कुणाचं काही काम नव्हतं, म्हणून ती राहिली. आता काम निघालं. रस्ता, घर, चिरेखाण, मोठे प्रकल्प. जांभ्याचा चिरा काढणाऱ्या यंत्राला हत्तीची पाठ आणि बाकीचा कातळ यात फरक कळत नाही. तिथे ‘सगळंच अनित्य आहे’ असं म्हणणारा माणूस मला भेटलाय, तोही सुशिक्षित. बौद्धांचा क्षणिकवाद मी तीस वर्षं शिकवला. सगळं क्षणिक आहे यातून सुरुंग लावायची परवानगी निघत नाही, एवढं मी त्याला सांगितलं. त्याला पटलं की नाही माहीत नाही. डॉ. वाकणकर १९५७ साली रेल्वेच्या खिडकीतून भीमबेटकाचे खडक पाहून उतरले आणि चालत गेले. खडक जागेवर होते, म्हणून उतरण्यात अर्थ होता.

नातीने त्या वाचकाला पुन्हा लिहिलं, पण कथा मागितली नाही. तिने एकच विचारलं. मी शेवटचा भाग वाचायच्या आतच कथा गेली, तर शेवटी काय होतं तेवढं सांगाल का, तुमच्या शब्दांत? या वेळी उत्तर त्याच रात्री आलं. सहा-सात ओळींचं. शेवटच्या रात्री फिल्च एका रिकाम्या चौकटीपाशी येतो. तिच्यातलं चित्र कधीच निघून गेलेलं आहे. तो ती चौकटही पुसतो, नेहमीसारखी, कोपऱ्यांसकट, आणि कंदील घेऊन पुढे जातो. वाचकाने खाली लिहिलं होतं की मूळात हे जास्त चांगलं आहे, आणि कदाचित कोपऱ्यांचं मी माझ्या मनाने घातलं असेल, आता नक्की आठवत नाही.

नातीने मला ते दोनदा वाचून दाखवलं. मग तिने वही काढली आणि उतरवून घेतलं, वर तारीख घातली. पेनने.

मी थोडा जास्त वेळ घेतला. प्रश्न असतील तर घेऊ. सभागृह नऊला बंद करतात.